जिच्या हातात अग्नी, तिला अंगरक्षक कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या कादंबरीत पाच सरदार घराणी आहेत आणि प्रत्येकाकडे पिढीजात एक विद्या आहे: अग्नी, पाणी, विष, निद्रा आणि छाया. अग्निघराण्याची सतरा वर्षांची वारस ही नायिका. तिचा अंगरक्षक एकच, त्याला विद्या नाही, पण मंतरलेल्या शपथेने तो तिच्याशी बांधलेला आहे. तुम्ही विचारलंत की चुटकीसरशी माणूस जाळू शकणाऱ्या मुलीला तलवारवाला कशाला लागेल, असे रक्षक किती असावेत, आणि शपथ मोडताच येत नसेल तर फितुरी दाखवायची कशी. मी गोव्यात पोलिसात होतो, बरीच वर्षं पीएसओ, म्हणजे व्यक्तिगत सुरक्षा अधिकारी, म्हणून मंत्र्यांबरोबर आणि बाहेरून येणाऱ्या बड्या पाहुण्यांबरोबर ड्युटी केली. आता खासगी सुरक्षेसाठी पोरं तयार करतो. जादूतलं मला काही कळत नाही, तेव्हा मी माझ्या बाजूने सांगतो, जादू तुम्ही बसवा.

सगळ्यात आधी एक ठरवा. हा माणूस कोणाचा? मुलीचा, तिच्या बापाचा, घराण्याच्या गादीचा, की राजाने त्या घराण्यावर नजर ठेवायला आणून बसवलेला? तुम्ही पाठवलेल्या तीन प्रकरणांत तो ‘तिच्यासाठी प्राण देईल’ एवढंच आहे. प्राण देणं सोपं, ते एकदाच करायचं असतं. त्याचा पगार कोण काढतो? रजा कोण मंजूर करतो? मुलीने एक सांगितलं आणि बापाने दुसरं, तर तो कोणाचं ऐकतो? ही उत्तरं तुमच्याकडे नसतील तर तो अंगरक्षक नाही, नुसता देखणा तलवारबाज आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे, म्हणजे तुमच्या नायिकेपेक्षा वर्षाने मोठे. त्यांना मारणारे बाहेरचे कोणी नव्हते. पेशव्यांच्याच चाकरीतले गारदी होते, सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या, आणि वाड्यात शिरताना त्यांची ओरड थकलेल्या पगाराची होती. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. पोरगा जीव वाचवायला धावला तो काकांच्याच खोलीत. त्याच्या अंगावर पडून स्वतः तुकडे होऊन मेला तो चाफाजी टिळेकर हा सेवक. हत्यारवाले सगळे दुसऱ्याचे निघाले आणि धन्याचा निघाला तो एक नोकर. तुमच्या अग्निवाड्यात बंदोबस्त मांडताना हे चित्र समोर ठेवा: मुलीला सगळ्यात जवळचा धोका तिच्याच दारावर उभा आहे आणि त्याचा पगार तीन महिने अडकलाय.

रोमच्या प्रिटोरियन गार्डची, म्हणजे सम्राटाच्याच रक्षकदलाची, गोष्ट याच्या पुढची. इ. स. १९३मध्ये त्यांनी सम्राटाला मारलं आणि साम्राज्य चक्क लिलावात काढलं. जास्त बोली लावणारा गादीवर बसला. यावर बायझंटाइन सम्राटांनी शोधलेला उपाय म्हणजे उत्तरेकडचे परके योद्धे पदरी ठेवायचे. त्यांचं स्थानिक राजकारणात ना नातं ना गोतं, त्यामुळे त्यांना फोडणार कोण? कौटिल्य मात्र नेमकं उलटं सांगतो. राजाजवळचे लोक बापजाद्यांपासून चाकरीत असलेले, नात्याने जोडलेले, पारखलेले हवेत. परदेशी नकोत, आणि ज्याचा मानधन देऊन सत्कार झालेला नाही असा स्वदेशीही नको. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. परक्याला पैशांनी फितवता येतं, घरच्याला रागाने.

गोव्यात बसून लिहिताय, तर घरच्याचा राग काय असतो ते तुम्हाला लांब शोधायला नको. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, हे दोघं बघा. मुंडकाराचं घर भाटकाराच्या भाटात. १९७५च्या कायद्याने त्याला घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळालं, पण त्याआधी त्याचं छप्परच धन्याच्या मर्जीवर होतं. अग्निघराण्याचा अंगरक्षक अशा मुंडकाराच्या घरातला करा. तीन पिढ्या त्याच दारावर. आई वाड्याच्या स्वयंपाकघरात, बापाची कबर किंवा चिता त्याच भाटात. तो मुलीसाठी मरेल यात शंका नाही, पण त्यात प्रेम किती आणि आपण चुकलो तर आईला दुसऱ्या दिवशी घर सोडावं लागेल याची धास्ती किती, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. असा माणूस लिहायला मिळाला तर मंतरलेल्या शपथेची गरजही कमी होते.

पाहुणा म्हणून आश्रयाला गेलेल्या घराण्याचा प्रश्न आणखी वेगळा. हैदरअलीने सोंदे जिंकल्यावर तिथला राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला गोव्यात आला आणि बांदोड्याला राहिला. त्याच्या मुलखातला फोंडा, केपे, सांगे, काणकोणचा भाग पोर्तुगिजांकडे गेला. अशा आश्रित राजाच्या फाटकावर पहारा कोणाचा असणार? यजमानाचा. तो पहारा बाहेरच्याला आत येऊ देत नाही आणि आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या कथेच्या मध्यावर मुलगी पाणीघराण्यात आश्रय घेते, तिथे हे वापरा. तिच्या एकट्या रक्षकाला पहिल्याच रात्री कळायला हवं की दारावरचे बारा भालेवाले तिच्यासाठी नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जिच्या हातात आग आहे तिला रक्षक कशाला? कारण ती झोपते. ती आजारी पडते, न्हाते, रडते, चिडते. कुठल्याही ताकदीला मधे मधे खंड पडतो, आणि रक्षकाचं काम त्या खंडांत असतं. बंदूकधारी मंत्र्यालाही पीएसओ लागतोच, कारण भाषण करताना त्याचं लक्ष श्रोत्यांच्या टाळ्यांकडे असतं. तुमच्या विद्येला खंड नसेल तर तो तयार करा. अग्नी पेटवल्यावर घटकाभर हात बधिर होतात म्हणा, सुतकात विद्या चालत नाही म्हणा, पाऊस लागला की अर्धी होते म्हणा. गोव्याचा जून ते सप्टेंबर मग त्या घराण्यासाठी काय असेल याचा विचार करा. चार महिने सगळा वाडा तलवारींवर. लग्नं, तह, प्रवास सगळं दसऱ्यानंतर. शत्रूंनाही ते पंचांग तोंडपाठ.

आणि अनुभवाचं सांगतो, स्वतःला ताकदवान समजणारा माणूस सांभाळायला सगळ्यात कठीण. भित्र्याला सांगितलं की तो खाली वाकतो. ताकदवान माणूस ‘मी बघतो त्याच्याकडे’ म्हणून पुढे सरकतो. नायिकेला आपल्या आगीचा माज असू द्या. रक्षकाचं निम्मं आयुष्य तिला मागे ओढण्यात जाईल.

वाड्याच्या संरक्षणासाठी तुम्ही ‘अदृश्य कवच’ घातलंय. ते मला पटलं नाही, कारण त्याला नियमच नाहीत. आपल्याकडे याहून चांगली कल्पना गावोगावी तयार आहे. राखणदार. म्हापशाचा बोडगेश्वर घ्या, कुठल्याही गावचा देवचार घ्या. रात्री हातात दांडा घेऊन तो सीमेवर फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो अशी श्रद्धा. वेताळाला वहाणा वाहतात, कारण रात्रभर फिरून त्याच्या झिजतात. या कल्पनेत सुरक्षेचे सगळे नियम आहेत. राखणदाराची हद्द ठरलेली, तिच्यापलीकडे त्याचा अंमल नाही. त्याचं मानपान ठरलेलं, ते चुकलं तर तो रुसतो. तो जमिनीचा रक्षक आहे, माणसाचा नाही. त्याच्या हद्दीत जन्मलेला चोरही त्याचाच. अग्निवाड्याला असा राखणदार द्या आणि तुमच्या तलवारबाजाचं खरं काम सीमेच्या दगडापलीकडे सुरू करा. मग मुलगी वाड्याबाहेर पाऊल टाकते त्या प्रत्येक वेळी वाचक सावध होईल. वाड्यातल्या माणसांना पहाटे सीमेवर जाऊन वहाणा तपासायची रीत असू द्या. एके सकाळी वहाणा कोऱ्या करकरीत सापडल्या, तर काल रात्री फेरी झालेली नाही.

हद्दीबाहेरचं काम कसं चालतं ते दोन ठिकाणांवरून सांगतो, कारण तुमच्या प्रसंगांत हल्ला आला की मारामारी सुरू, एवढंच आहे.

पहिलं देऊळ. मंगेशी किंवा कवळ्यासारख्या मोठ्या देवळात बडा पाहुणा येतो तेव्हा दारातच पादत्राणं काढावी लागतात. नवीन पोरं नाडीचे बूट घालून येतात आणि नाडी सोडत बसतात, तोवर साहेब सभामंडपात. म्हणून बिननाडीचे जोडे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या अंगणातून अनवाणी, सदरा बाहेर काढलेला म्हणजे कमरेचं हत्यार झाकलं जातं. गर्भगृहात आपण जायचं नसतं, तिथे फक्त पुजारी, म्हणून पुजारी कोण आहेत ते आदल्या दिवशीच माहीत करून घ्यायचं. साहेब देवाकडे तोंड करून हात जोडतात तेव्हा आपण देवाकडे पाठ करून लोकांकडे तोंड. त्यावरून म्हाताऱ्या बोलतात, ‘देवाक पाठ करून उबो रावला पळय!’ ऐकून घ्यायचं. आणि लोकांचे चेहरे बघायचे नाहीत, हात बघायचे. चेहऱ्यावर कोणीही हसू आणतो. फुलांच्या परडीखालचा हात, शालीतला हात, पाया पडायला वाकताना जमिनीकडे न जाता कमरेकडे जाणारा हात. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींसमोर ती बाई पाया पडायलाच वाकली होती.

तुमच्या जगात तर मारायला हत्यारही लागत नाही, मंत्र पुरतो. तर मग तुमचा रक्षक काय बघेल? ओठ? बोटांच्या मुद्रा? निद्राघराण्याचा माणूस मारण्याआधी जांभई देतो का? प्रत्येक विद्येची एक चाहूल ठरवा आणि ती वाचायला शिकवणं म्हणजेच रक्षकाचं प्रशिक्षण असू द्या. तलवारीचे डावपेच दोन पानांत आटपा. दोन्ही हात मोकळे ठेवणं मात्र विसरू नका. पावसात साहेबांवर छत्री आपण धरायची नाही, बाईंची पर्स धरायची नाही, पोर कितीही रडलं तरी कडेवर घ्यायचं नाही. हे ऐकायला माणूसघाणं वाटतं, आणि नायिकेलाही वाटेल. पहिल्या भेटीत ती त्याच्या हातात पुस्तकं देते आणि तो ती जमिनीवर ठेवतो, हा प्रसंग लिहा. तुमच्या तलवारयुद्धापेक्षा तो माणूस जास्त कळेल.

दुसरं ठिकाण फेरीबोट. दिवाडीला जायचं तर गाडी फेरीत चढवावी लागते. एकदा चढली की चारी बाजूंनी मांडवी, उतरायचा रस्ता एकच, आणि तो समोरच्या धक्क्यावर कोण उभं आहे त्याच्या ताब्यात. म्हणून आपली दोन माणसं आधीच्या फेरीने पलीकडे जातात, धक्का बघतात, खूण करतात, मगच ताफा चढतो. याला आम्ही ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतो आणि सुरक्षेचं बहुतेक काम हेच. कोण कुठून येणार, जवळचा वैद्य कुठे, पळायचं झालं तर कोणत्या वाटेने. समोर पाणीघराणं शत्रू असताना तुमची अग्निकन्या एका माणसासोबत होडीत बसते, हे मी वाचलं आणि हसलो. पलीकडे कोणी गेलं होतं का आधी?

गावातल्या खबरीही त्यातच आल्या. वाड्यावर नवखा माणूस आला की पोलिसांआधी तो बाल्कांवात, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसलेल्या म्हातारीला कळतो. छायाघराण्याचा हेर कितीही रूप बदलो, ‘हा कोणाचा मरे?’ या प्रश्नाला उत्तर देताना सापडेल. रूप बदलणाऱ्याविरुद्ध रोज बदलणारा परवलीचा शब्द पुरतो. त्यासाठी आणखी मोठी जादू काढू नका.

किती माणसं, याचा हिशेब साधा आहे. एका जागी चोवीस तास माणूस उभा करायचा तर आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास उभा राहिला तर साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, सराव धरला तर जवळजवळ पाच. मुलीचं दार, वाड्याचं फाटक, मुदपाकखाना आणि तिच्यासोबत चालणारा, अशा चारच जागा धरल्या तरी वीस माणसं झाली. वर नाईक, पुढे जाणारे, घोडे सांभाळणारे. म्हणजे एकटा अंगरक्षक ही गोष्ट खरी वाटायची असेल तर तो एकटा का पडला ते सांगावं लागेल. घराणं कंगाल झालंय? बाकीचे बापाने काढून घेतले? एकोणीस जण गेल्या महिन्यात मारले गेले? यातलं कुठलंही कारण तुमच्या सध्याच्या सुरुवातीपेक्षा चांगलं आहे. एकटा माणूस तिसऱ्या रात्री उभ्या उभ्या झोपतो, हेही येऊ द्या.

मुदपाकखान्याचं म्हणाल तर विषघराणं शत्रू असताना तो वाड्यातला सगळ्यात महत्त्वाचा पहारा. अकबराच्या वेळी ताटं कापडात बांधून, मोहोर लावून, कोणतं पक्वान्न कशात आहे त्याच्या यादीसह, पहाऱ्यात वाढायला जात आणि वाटेत आणि समोर चाखली जात. कौटिल्याने तर पक्षीच नेमलेत: सापाच्या विषाच्या शंकेने पोपट आणि मैना ओरडतात, विष दिसलं की चकोराचे डोळे लाल होतात, क्रौंच बेभान होतो. विषारी अन्न आगीत टाकलं तर ज्वाळ आणि धूर निळा येतो, असंही तो लिहितो. खरंखोटं बाजूला ठेवा, पण तुमची नायिका अग्नीची आहे. प्रत्येक घासाआधी ती चिमूटभर अन्न आपल्याच आगीत टाकून बघते, हा तिचा नेम करा. लहानपणापासून निवलेलं जेवण जेवलेली मुलगी.

आता शपथ. न मोडणारी शपथ ठेवा, हरकत नाही, पण तिचा मजकूर कोणी लिहिला ते ठरवा. ‘घराण्याच्या वारसाचं रक्षण करीन’ अशी शपथ असेल तर वारस बदलला की रक्षक आपोआप दुसऱ्याचा. सावत्र भावाला फक्त एका कागदावर सही करून घ्यायची आहे. दुसऱ्या क्षणी त्याच दारात, तीच तलवार, आणि त्याला हलताही येत नाही. फितुरी कोणी केली? कोणीच नाही. आपल्या इतिहासात याचा बिनजादूचा नमुना आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींना त्यांच्याच अंगरक्षकांनी मारल्यावर १९८५मध्ये पंतप्रधानांसाठी एसपीजी हे खास सुरक्षा दल उभं राहिलं. राजीव गांधी पंतप्रधानपदावरून गेले, तेव्हा ते कवच निघालं. कवच पदाला होतं आणि धोका माणसाला. श्रीपेरुंबुदूरनंतर कायदा बदलून माजी पंतप्रधान त्यात आले, २०१९मध्ये पुन्हा बदलून त्यांचं कवच पद सोडल्यापासून पाच वर्षांपुरतं झालं. सुरक्षा कोणाला, हे शेवटी कागदावर ठरतं, आणि कागद लिहिणारा दारावर उभा नसतो.

याचीच दुसरी बाजू, रक्षकाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे का, तेही लिहा. इंदिराबाईंनी शीख रक्षकांना दूर करायचा सल्ला मानला नव्हता. पंतप्रधान म्हणून ती भूमिका समजते, माणूस म्हणून मला ती मोठीही वाटते. पण सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याच्या हातात काय उरलं? साहेबांची इच्छा आणि साहेबांचा जीव यात निवड करायची वेळ आमच्यावर रोज येते, बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने. जत्रेत खाजे घ्यायला गाडीतून उतरायचं असतं. तुमच्या रक्षकाला तिला उचलून नेता येतं का, की शपथ त्याला तिच्या आज्ञेत ठेवते?

दोन घराण्यांच्या तहाच्या भेटीसाठी प्रतापगड अभ्यासा, १० नोव्हेंबर १६५९. दोन्हीकडचे रक्षक मोजून, ठराविक अंतरावर. शामियान्यात सय्यद बंडा नको म्हणून आधी घासाघीस, तो दूर उभा राहिला, आणि वार करायला धावला तेव्हा जिवा महाला त्याच्यासाठीच तयार होता. होता जिवा म्हणून वाचला शिवा हे सगळ्यांना पाठ आहे, पण भेट सुरू होण्याआधी कोण कुठे उभा राहणार यावर झालेली ती बोलणी जास्त कामाची.

नायिका आणि रक्षक यांच्या प्रेमाबद्दल विचारलंत. होऊ शकतं. ज्या दिवशी होईल त्या दिवशी त्याची बदली करा.

राहिला तिसऱ्या प्रकरणाचा शेवट, कौलांवरून मारेकऱ्याचा पाठलाग. लिहिलाय छान, पण पाठलाग हे अंगरक्षकाचं काम नव्हे. पहिला मारेकरी रक्षकाला लांब न्यायलाच पाठवतात, काम दुसरा करतो. ६ मे १५२७ला रोममध्ये स्विस गार्डचे १८९ जण होते. १४७ जण लढून मेले, आणि ४२ जण न लढता पोपला घेऊन तटावरच्या बंद वाटेने किल्ल्यात शिरले. पोप वाचला तो या विभागणीमुळे. पाठलाग ठेवायचाच असेल तर ठेवा, पण त्याआधी मुलीच्या खोलीत दुसरा कोणी तरी उभा करा, आईला स्वयंपाकघरातून बोलवा हवं तर. नाहीतर तो कौलांवरून परत येईल तेव्हा खोलीत काय सापडतं, ते चौथ्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहावं लागेल.